घसरगुंडीखालची जमीन

११ जानेवारी

चि. भिंगरीस,

हे नाव लिहून मी पेन खाली ठेवलं आणि कागद दोन दिवस टेबलावर तसाच पडून राहिला. आता तू अठ्ठावन्न वर्षांची. ऑफिसात लोक तुला मॅडम म्हणत असतील. पण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस, दिवसभर गरगर फिरायचीस, आणि तुझ्या दादानं ठेवलेलं हे नाव माझ्याही तोंडी बसलं. दुसरं काही लिहायला हात धजेना. राग आला तर नाव खोड आणि पुढचं वाच.

फोन केला नाही, कारण फोनवरचं मला आता नीट ऐकू येत नाही. समोरच्याला तीनदा विचारावं लागतं, मग तो वैतागतो, मग मी काहीतरी "हो हो" म्हणून टाकते.

कामाचं सांगते. आमच्या वसाहतीत आता नवी बिऱ्हाडं आली आहेत. दहा वर्षांच्या आतली तेवीस पोरं आहेत आणि सगळी जिन्यात खेळतात. म्हणून कमिटीनं ठरवलं की एक घसरगुंडी, दोन झोपाळे आणि चढायची एक शिडी आणायची. सेक्रेटरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टर, तरुण मुलगी आहे, राहायला येऊन तीन वर्षं झाली तिला. ती म्हणाली, "काकू, खाली काय घालायचं ते तुम्ही बघा, दिवसा घरी तुम्हीच असता." दिवसा काय, मी केव्हाही घरीच असते. मी हो म्हणाले आणि मग विचारलं, जागा कुठली? तर कोपऱ्यातली, जिथं हल्ली स्कूटर लावतात ती.

तीच जागा. तुझी मुलगी जिथं पडली ती.

डॉक्टरला यातलं काही ठाऊक नाही. जुन्यांपैकी तळमजल्यावरचे बँकवाले तेवढे उरलेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तुझ्या प्रयोगशाळेत अशाच गोष्टी तपासतात हे तुझ्या दादाकडून ऐकलं होतं. वाळू घालावी, की लाकडाचा चुरा, की रबर, की ती हिरवी खोटी हिरवळ? दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर ते तुला समजल्यावर बरं दिसलं नसतं. तुला विचारणंही बरं दिसत नाहीच. चार वर्षांपूर्वी दादा गेला तेव्हा तू आलीस, दाराशी उभी राहिलीस, माझ्याशी एक शब्द न बोलता गेलीस. मी तक्रार करत नाही. उत्तर ऑफिसच्या कागदावर आलं तरी चालेल.

तुझी
वहिनी

०

२५ जानेवारी

मा. महोदया,

आपले ११ जानेवारीचे पत्र मिळाले. सल्ला देण्यासाठी पुढील माहिती आवश्यक आहे. घसरगुंडीच्या माथ्याची जमिनीपासूनची उंची किती? साधनांभोवती सर्व बाजूंनी मोकळी जागा किती? सध्या तेथे काय आहे, माती की पक्का थर? पाणी साचते काय, साचल्यास निचरा कोणीकडे? तसेच पूर्वी तेथे कोणते आच्छादन होते, ते केव्हा व कोणाच्या निर्णयाने बदलले, याची नोंद असल्यास तिची प्रत जोडावी.

हिरवी खोटी हिरवळ थेट पक्क्या थरावर अंथरू नये.

आपली
वरिष्ठ तांत्रिक अधिकारी
खेळसाधने व मैदाने विभाग

ता. क. कानांना काय झालं? डॉक्टरला दाखवलं का?

०

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

ता. क. वाचली. वरचं सगळं छापील, आणि खाली तेवढी एक ओळ शाईची. तुझं अक्षर अजून उजवीकडे कललेलं आहे.

कानांना काही विशेष झालेलं नाही, वय झालंय. यंत्र दिलंय, पण ते घातलं की बाकी काही नाही, माझ्याच घरातला पंखा आणि फ्रीज तेवढे मोठ्यानं ऐकू येतात. बोलणारं दुसरं कुणी नाही, मग यंत्र कशाला घालू? डबीत ठेवलंय.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. घसरगुंडीचा माथा सहा फूट. दुकानदाराकडे जाऊन मी स्वतः टेप धरला. भोवती तीन बाजूंना सात-सात फूट मोकळं आहे, चौथ्या बाजूला भिंत. ती भिंत मला खटकते, घसरगुंडी पुढं सरकवता येईल का ते विचारते. सध्या तिथं सिमेंटच्या फरशा आहेत. पाणी साचत नाही, गटाराकडे उतार आहे.

शेवटच्या प्रश्नाचं रजिस्टर कुठं सापडत नाही. कपाट वाळवीनं खाल्लं होतं मागे, त्यात गेलं असणार.

कमिटीची सभा झाली. बँकवाले हिरव्या हिरवळीवर अडून बसलेत. "बघायला किती छान दिसतं!" मी म्हटलं, "पोरं बघायला पडतात का त्यावर?" सगळे हसले, पण ठरलं काहीच नाही.

एक विचारू का? नको वाटलं तर उत्तर देऊ नकोस. ती कशी आहे?

तुझी
वहिनी

०

१९ फेब्रुवारी

वहिनी,

ऑफिसचा कागद संपलाय म्हणून साध्यावर लिहिते. (संपलेला नाही.)

ती बरी आहे. सत्तावीस पूर्ण झाली. भूमापन खात्यात नकाशे काढते, इथून पाच तासांवर राहते, एकटीच. डाव्या कानाचं ऐकणं तेव्हा गेलं ते गेलंच. वर्गात ती कायम डावीकडच्या भिंतीला टेकून बसायची, म्हणजे सगळे तिच्या उजव्या बाजूला येतील. मैत्रिणींना वाटायचं की मुलगी शिष्ट आहे. महिन्यातून एकदा येते, तेव्हा दोघी जेवतो, भांडी घासतो, ती जाते. तिचे बाबा आता त्यांच्या भावाकडे राहतात. ते असो. इथं मी एकटीच आहे आणि त्याची सवय झालीय, हेही असो.

आता तुमचं काम.

आमच्याकडे एक पोलादी गोळा आहे, साधारण मुलाच्या डोक्याएवढा आणि तेवढ्याच वजनाचा. आम्ही त्याला डोकंच म्हणतो. "डोकं आणलंस का?" असं एकमेकांना विचारतो, नवीन माणूस दचकतो. आत यंत्र बसवलेलं असतं. माथ्याच्या उंचीवरून ते सोडायचं आणि आकडा वाचायचा. हजाराच्या वर गेला की जमीन नापास. सिमेंटवर वीतभर उंचीवरून सोडलं तरी आकडा बघवत नाही.

वाळू चांगली, पण गोल कणाची, धुतलेली हवी. बांधकामाची नको, ती ओली होऊन सुकली की दगड होते. मांजरी घाण करतात, म्हणजे रोज बघायला हवं. रबर दिसायला नेटकं, एकदा घातलं की बरीच वर्षं बघावं लागत नाही. पण पुरेसं जाड हवं, आणि तुमच्याकडे सावली नसेल तर दुपारी पोरांचे तळवे भाजतील. लाकडाचा चुरा म्हणजे भुसा नव्हे, बोटाएवढे तुकडे. ते एक फूट जाड घातले तर सहा फुटांना चांगले. मात्र झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या पायाशी पोरं पायांनी ते बाजूला सारतात, तिथं खड्डा पडतो, आणि मूल नेमकं तिथंच पडतं. कुणीतरी रोज सकाळी ते ओढून सारखं केलं पाहिजे. असं माणूस असेल तर चुरा घ्या, नसेल तर रबर. खाली काहीही घाला, आधी फरशा फोडायच्या.

रस्त्यांच्या विभागातून या विभागात मला कुणी पाठवलं नाही. ती दवाखान्यातून घरी आली त्याच महिन्यात मी अर्ज करून बदली मागितली होती. दादाला तेवढं माहीत होतं.

कानाचं यंत्र डबीतून काढा.

- भिंगरी

०

३ मार्च

प्रिय भिंगरी,

तू खाली सही केलीस ते नाव मी कितीतरी वेळा वाचलं.

बँकवाल्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, तुझा-माझा भाग गाळून. ते म्हणाले, "प्रयोगशाळेतले लोक घाबरवतातच." मग मला काय सुचलं कुणास ठाऊक. दुकानातून हिरवळीचा एक तुकडा मागून आणला, वखारीतून पोतंभर लाकडाचे तुकडे आणि नर्सरीतून धुतलेली वाळू आणली. तिन्हींचे ढीग खाली फरशीवर मांडले, फूटपट्टी लावून. आणि पहिल्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीतून डझनभर अंडी सोडली.

सगळी पोरं गोळा झाली. डॉक्टर दवाखाना सोडून आली. हिरवळीवरचं पहिलंच अंडं असं फुटलं की बँकवाल्यांच्या पायजम्यावर उडालं. वाळूवर चारातली दोन वाचली. चुऱ्यावर चारही आतच रुतली, एकालाही तडा नाही. पोरं ओरडत होती, "आज्जी, अजून! आज्जी, अजून!" बँकवाले पायजमा पुसत म्हणाले, "ठीक आहे हो, कळलं." मला हसू आवरेना. किती दिवसांनी हसले असेन, गालच दुखले.

मग सगळे गेले. पोरांना आयांनी हाका मारल्या. मी खाली जाऊन टरफलं गोळा केली. उरलेली अंडी दोन दिवस मी एकटीच खात होते.

टरफलं वेचतानाच वाटलं की तुला एकदा नीट सांगावं. तू त्या दिवशी विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही. मी बाकावर होते, दहा पावलांवर. हातात विणकाम होतं. लोकरीचा गुंडा मांडीवरून घरंगळला आणि बाकाखाली गेला. मी वाकले. गुंडा हाताला लागला आणि तेवढ्यात आवाज आला. रडण्याचा नाही, नुसता आपटल्याचा. माझं लक्ष नव्हतं हे खरंच आहे. गुंडा निळ्या रंगाचा होता. तेव्हापासून मी विणलेलं नाही.

तुझी
वहिनी

०

२२ मार्च

वहिनी,

अंड्यांची गोष्ट मी ऑफिसात वाचून दाखवली. आमचा साहेब म्हणाला, या बाईंना नोकरी द्या.

आता पुढचं लिहिते. हे लिहायला तीन आठवडे लागले, आणि लिहिताना तुला "तू" म्हणते आहे, पूर्वीसारखं.

एकवीस वर्षांत मी साडेचारशेच्या वर मैदानं तपासली. कधीच पडत नाही असं एकही मूल मला दिसलं नाही, आणि ज्याची नजर कधी हलत नाही असं एकही मोठं माणूस दिसलं नाही. आई असो, शिक्षिका असो, पगारी दाई असो. कुणी शिंकतं, कुणाला हाक येते, कुणाचा गुंडा घरंगळतो. मुलं त्या क्षणालाच पडतात असं नाही, ती दिवसभर पडतच असतात. म्हणून तर खालची जमीन असते, आपण वाकलो तेवढ्या वेळापुरती. मी हे दरवर्षी नव्या तपासनिसांना शिकवते. पालकांना कधी दोष देऊ नका, असं फळ्यावर लिहून देते. आणि घरी येऊन तुला दोष देत होते. फळ्यावरचं घरापर्यंत यायला एकवीस वर्षं लागली.

वाळू असती तर ती उठून पुन्हा शिडी चढली असती. म्हणजे तुझी चूक नव्हती. तुझी चूक नव्हती, वहिनी. दोनदा लिहिलंय, हवं तर कापून ठेव.

चूक असेल तर ज्यानं सहा फुटांच्या घसरगुंडीखाली सिमेंट घातलं त्याची. कोण असेल तो? कंत्राटदार? कमिटीतला कुणी शहाणा? मला तो एकदा समोर हवा आहे. त्याला ते पोलादी डोकं हातात द्यावं आणि सांगावं, सोड. सोड आणि आवाज ऐक.

ते रजिस्टर पुन्हा एकदा शोध. आमच्या फॉर्मलाही ती नोंद लागते.

- भिंगरी

०

१८ एप्रिल

चि. भिंगरीस,

पत्र पोचलं. चुरा घालायचं ठरलं आहे. घसरगुंडी भिंतीपासून पुढं घेतली. फरशा फोडायला माणसं पुढच्या आठवड्यात येतील. रजिस्टर सापडलं नाही. आता ते जुनं कशाला उकरायचं? जे झालं ते झालं. तू माझ्याबद्दल लिहिलंस त्याबद्दल आभारी आहे.

वहिनी

०

५ मे

वहिनी,

चार आठवडे वाट पाहिली आणि पाच ओळी आल्या. "आभारी आहे"! मी काय बँकेतून लिहिलं होतं?

मी मनातला इतका मोठा दगड उचलून बाजूला ठेवला आणि तुला त्याचं काहीच नाही. कदाचित तुला मी रागावलेलीच बरी वाटत होते. रागावलेल्या माणसाकडे जावं लागत नाही, त्याला घरी बोलवावं लागत नाही. समजलं.

तुमच्या डॉक्टरबाईंनी तपासणीचा फॉर्म भरून पाठवला आहे. भरपूर कागद जोडलेत असं कारकून म्हणाला. सोमवारी पाहीन. यापुढं कामाचा पत्रव्यवहार त्यांच्याशीच करीन, तुला त्रास नको.

०

८ मे

वहिनी,

रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं नाही. डॉक्टरबाईंनी त्याची प्रत जोडली आहे. त्यांना ते बँकवाल्यांच्या कपाटात मिळालं.

"ठराव सातवा. घसरगुंडी व झोपाळ्याखालील वाळू काढून सिमेंटच्या फरशा बसवाव्यात. मुलांच्या पायांनी वाळू जिन्यात येते व मांजरी घाण करतात." तारीख मार्चची. ती मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्याकडे आली आणि पडली.

सूचक म्हणून जी सही आहे तिच्याखाली दोन ठिपके आहेत. माझ्या प्रगतिपुस्तकावर आईबाबांच्या जागी दरवर्षी तीच सही असायची.

तुला माहीत होतं?

०

१५ मे

प्रिय भिंगरी,

हो, माहीत होतं.

ह्यांनीच मांडलं आणि ह्यांनीच उभं राहून करून घेतलं. वाईट मनानं नाही गं. वाळू मऊ म्हणून घातलेली असते हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. वाळू म्हणजे कचरा. मीच रोज कुरकुरायचे की जिना झाडून कंबर मोडली. फरशा बसल्या त्या दिवशी लोकांनी ह्यांचं कौतुक केलं. हे संध्याकाळी मला खाली घेऊन गेले, "बघ, कसं लख्ख झालं!" मीही म्हणाले, छान झालं.

मग ती पडली. तू सहा तास बसमधून आलीस. दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात तू माझा दंड धरलास आणि म्हणालीस, "वहिनी, तुझं लक्ष कुठं होतं?" हे माझ्या शेजारी उभे होते. इतके जवळ की ह्यांच्या शर्टाची बाही माझ्या खांद्याला लागत होती. आत डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते की खाली माती असती तर एवढं झालं नसतं. हे आम्ही दोघांनी ऐकलं होतं, तू यायच्या आधी. मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता बोलतील. ह्यांनी समोरच्या भिंतीवरचा भेटीच्या वेळांचा फलक वाचायला घेतला.

मी वाट पाहिली. त्या दिवशी वाटलं, घाबरलेत, उद्या बोलतील. मग वाटलं, ती घरी आली की बोलतील. ह्यांनी आठवड्यात घसरगुंडी काढून भंगारात दिली, कमिटी सोडली, पण बोलले नाहीत. वर्षातून दोनदा एकटेच तुझ्याकडे यायचे. मी तिच्यासाठी काहीबाही पिशवीत द्यायचे. ते तिच्यापर्यंत पोचायचं की वाटेत राहायचं, मी कधी विचारलं नाही. परत आले की म्हणायचे, "बरी आहे." मी म्हणायचे, "बरं." सतरा वर्षं आम्ही दोघं एका टेबलाशी जेवलो आणि ही एक गोष्ट आमच्यामध्ये तिसऱ्या माणसासारखी बसलेली असायची. तिच्यामुळे मग दुसरंही काही बोलता येईना. मीठ दे, बिल भरलं का, एवढंच. माणूस घरात असून मी एकटी होते, भिंगरी. ते गेल्यावर एकटी झाले असं लोक म्हणतात तेव्हा मी हो म्हणते.

तुला का सांगितलं नाही? तुझे आईवडील लवकर गेले, त्यानं तुला वाढवलं. तुला भाऊ एकच होता. वहिनी काय, परक्या घरून आलेली. तिच्यावर रागावलं तर घर मोडत नाही, असं मला वाटलं. आणि मी तोंड उघडलं असतं तर ते खरं असूनही चहाडीच झाली असती. त्यांच्या तोंडून यायला हवं होतं.

मार्चमधलं तुझं पत्र आलं, "तुझी चूक नव्हती." मी ते छातीशी धरलं आणि मग पुढची ओळ वाचली. तू मला सोडलंस आणि त्याच पानावर त्यांना धरलंस, न ओळखता. मला काय लिहावं कळेना म्हणून त्या पाच ओळी लिहिल्या. तुला बोलवायचं नव्हतं असं नाही.

तुझी
वहिनी

०

१० जून

वहिनी,

महिनाभर मी कुणाशी नीट बोलले नाही. ऑफिसात सगळे समजले की तब्येत बरी नाही.

दादावर राग आहे, पण त्याच्याशी आता काय भांडायचं? तो निसटला. तू आहेस, म्हणून तुला सांगते.

तू माझ्या वतीनं ठरवलंस. माझं काय मोडेल आणि काय मोडणार नाही, हे तू मला न विचारता ठरवलंस. "वहिनी परक्या घरून आलेली." कुणी सांगितलं तुला? मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी कुणाला हाक मारली होती? दादाला? माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी कुणाच्या अंथरुणात झोपले? तुला वाटलं की तू माझा भाऊ वाचवतेस. तू माझी वहिनी घालवलीस. माझ्याकडे दोन माणसं होती, त्यातलं एक तू परस्पर काढून घेतलंस आणि वर मी तुझाच राग केला. मुलगी बारा वर्षांची असताना शाळेतून रडत आली, कुणी तिच्या डाव्या बाजूनं हाक मारली होती आणि ती वळली नाही म्हणून. मी तिला समजावून खोलीत ठेवलं आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. वाटलं, आता वहिनी असती तर. मग स्वतःचाच राग आला की हिची आठवण येतेच कशी.

आणि तो समोर बसून माझ्या घरातले नळ दुरुस्त करत होता!

२० तारखेला तपासणीला मीच येणार आहे. ते काम आहे, म्हणून. वर येणार नाही.

०

२४ जून

प्रिय भिंगरी,

तू आलीस आणि गेलीस. मी पाहिलं तेवढं तुला सांगते, कारण तिथं आपण दोघी एकमेकींशी चारच शब्द बोललो.

तू रिक्षातून उतरलीस तेव्हा मी गॅलरीत होते. केस पांढरे झालेत तुझे. ती पेटी तू दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाहीस. तिपाई उभी केलीस, ते डोकं वर चढवलंस, पोरांना दोरीमागं केलंस. मी खाली येऊन दोरीमागंच उभी राहिले, पोरांच्यात. तू सोडलंस. मी डोळे मिटले होते. आवाज आला तो अगदी हलका, उशी जमिनीवर टाकावी तसा. डोळे उघडले तर तू खाली वाकून आकडा वाचत होतीस. नऊ वेळा सोडलंस. घसरगुंडीच्या पायाशी आकडा जास्त आला तेव्हा तू कपाळाला आठ्या घातल्यास, वळलीस आणि थेट माझ्याकडे पाहून विचारलंस, "दाताळं आहे का?"

मी म्हणाले, "आहे."

दोन दाताळी आणली. तू एका बाजूनं ओढलंस, मी दुसऱ्या बाजूनं. तू पुन्हा सोडलंस. "पास," म्हणालीस, डॉक्टरला. तिनं टाळ्या वाजवल्या, पोरं दोरी तोडून धावली. तू पेटी बंद केलीस, सही केलीस आणि गेलीस. मी फाटकापर्यंत आले होते, तू पाहिलंस की नाही मला ठाऊक नाही.

वर टेबलावर दोन ताटं मांडली होती. येणार नाही असं तू लिहिलं होतंस, तरी मांडली होती. एक आत ठेवून दिलं.

रोज सकाळी दाताळं ओढायचं काम मी घेतलंय. सात वाजता खाली जाते. त्या वेळी तिथं कुणी नसतं. कालच्या दिवसभरात कोण कुठं पडलं ते चुऱ्यात उमटलेलं असतं, टाचा, गुडघे, बसलेले ठसे. मी सगळं सारखं करते आणि वर येते. मग दिवस मोठा असतो.

तू मला परस्पर ठरवणारी म्हणालीस ते बरोबर आहे.

तुझी
वहिनी

०

९ जुलै

वहिनी,

प्रमाणपत्र डॉक्टरबाईंकडे वेगळं पाठवलं आहे. ते सहा महिनेच चालतं, पुढं पुन्हा तपासावं लागतं.

फाटकापर्यंत आलीस ते पाहिलं होतं. मागं वळले असते तर बस चुकली असती, असं मी स्वतःला सांगितलं. बसस्टॉपवर मग पाऊण तास बसून होते.

मुलीला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मामीला इतकी वर्षं भेटायला कोण जायचं?" मी म्हटलं, कुणी नाही. ती उठून गॅलरीत गेली आणि आत आली ती वही-पेन घेऊन. तुझा पत्ता लिहून घेतलाय तिनं. ती तिच्या वेळेनं येईल, मी घाई करणार नाही.

मी वर आले नाही, कारण त्या खोलीत भिंतीवर दादाचा फोटो असणार हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी त्याच्याकडे बघता आलं नसतं.

येत्या शनिवारी येते. पेटी आणणार नाही, काम नाही. रविवारी संध्याकाळची बस घेईन. मी येते म्हणून फोटो उतरवून ठेवू नकोस, तू ठेवशील, मी तुला ओळखते. मला त्याच्याशी बोलायचं आहे. काय काय बोलीन ते सांगता येत नाही, बहुतेक भांडेन, रडेनही. तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस. आणि मी बोलत असताना चहा ठेवते म्हणून उठून आत जाऊ नकोस.

- भिंगरी